प्रूफवाल्याच्या नजरेतून इटालियन भयपट : कुठली डिस्क घ्यावी, कुठली सोडावी

बावीस वर्षं मी ऑफसेट प्रेसमध्ये रंगीत प्रूफ पास करायचं काम केलं. रात्री दोनला मशीनवरून पहिला कागद उतरला की भिंग घेऊन त्यावर वाकायचं आणि ओरडायचं : लाल चढलाय, निळा आउट आहे, सावली भरली. प्रेस सुटली, भिंग खणात गेलं, नजर मात्र तशीच राहिली. हल्ली ती मी दारिओ अर्जेंतो, मारिओ बावा आणि लुचिओ फुल्ची या इटालियन दिग्दर्शकांच्या भयपटांवर वापरतो. बायको म्हणते, "अहो, परवा याच बाईला मारलं ना? आज परत?" बाई तीच, डिस्क वेगळी, हे समजावायचं मी सोडून दिलंय.

पण खरं सांगतो, या सिनेमांच्या बाबतीत डिस्क कुठली हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. यांतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ एवढंच असतं की कुणीतरी काहीतरी पाहिलं आणि नीट पाहिलं नाही. म्हणजे पडद्यावर काय दिसतं आणि काय निसटतं, यावरच सगळा डाव. तो डाव खराब ट्रान्सफर, म्हणजे फिल्मवरून डिस्कवर वाईट उतरवलेलं चित्र, परस्पर उधळून टाकतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आपण म्हणतो, छे, सिनेमाच फसलेला आहे. 'प्रोफोन्दो रोस्सो'बद्दल माझं असंच झालं होतं. त्याच्याकडे येतोच.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. खोलीत काळोख. टीव्ही फिल्ममेकर मोडवर, शार्पनेस खाली, हालचाल गुळगुळीत करणारं ते भिकार फीचर कायमचं बंद. मग अख्खा सिनेमा न बघता एकच प्रसंग, जेवढ्या आवृत्त्या हाताशी असतील तेवढ्यांत, लागोपाठ. प्रेसमध्येसुद्धा अख्खं मासिक कुणी वाचत नसे. मुखपृष्ठावरचा चेहरा बरोबर आला की बाकीचं निम्मं काम झालेलं असे.

अर्जेंतोचा 'सस्पिरिया' (१९७७) आधी घेऊ, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि बरेचजण एक चूकही तिथेच करतात. हा सिनेमा जुन्या तीन पट्ट्यांच्या टेक्निकलर कॅमेऱ्यावर घेतला, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसं नाही. छायाचित्रकार लुचिआनो तोवोली यांनी तो नेहमीच्या ईस्टमन कोडॅक निगेटिव्हवर घेतला. टेक्निकलर आलं ते पुढे, प्रिंट काढताना. अमेरिकेत डाय-ट्रान्सफरची पद्धत तोवर बंद झाली होती, रोमच्या प्रयोगशाळेत अजून चालू होती. निगेटिव्हवरून जिलेटिनच्या तीन मॅट्रिक्स करायच्या आणि पिवळा, किरमिजी, आकाशी असे तीन रंग एकावर एक कोऱ्या फिल्मवर उतरवायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत उडालोच. ही तर आमचीच छपाई! प्लेटऐवजी जिलेटिन, कागदाऐवजी फिल्म. रजिस्टर आउट व्हायची, म्हणजे रंग एकमेकांवर नीट न बसण्याची, धास्तीही तीच.

माझं 'सस्पिरिया'तलं प्रूफ-पान ठरलेलं आहे. वसतिगृहात छतातून अळ्या पडायला लागतात म्हणून मुलींना रात्री खाली मोठ्या दालनात झोपवतात, भोवतीनं पांढऱ्या चादरी टांगतात. दिवे जातात आणि सगळं लाल होतं. एका चादरीपलीकडे कुणीतरी झोपलेलं, त्याची फक्त आकृती, आणि घशातून येणारी ती घाणेरडी घरघर. छपाईत किरमिजी आणि पिवळा दोन्ही शंभर टक्के चढवले की घट्ट लाल मिळतो. शाई किंचित जास्त झाली की त्या लालात असलेलं सगळं बुजून जातं. आम्ही म्हणायचो, 'भरलं'. माझ्याकडे या सिनेमाची एक जुनी ब्लू-रे आहे, त्यात हा प्रसंग चक्क भरलेला आहे. चादरी दिसतच नाहीत, लाल रंगवलेला पत्रा उभा केल्यासारखं दिसतं. आणि जिथे उजेड आहे तिथे पांढऱ्याचा नुसता गोळा. खिडकीची चौकट त्यात विरघळून गेलेली. ती डिस्क मी दोन वर्षं कौतुकानं लोकांना दाखवत होतो, हेही कबूल करतो. रंग भडक म्हणजे रंग चांगला, असं प्रूफवाल्यालासुद्धा वाटू शकतं.

मग सिनॅप्स या कंपनीची २०१७ ची ब्लू-रे आली. मूळ निगेटिव्हवरून फोर-के स्कॅन, काही वर्षं चाललेलं काम, आणि रंगांवर देखरेख खुद्द तोवोलींची. २०१९ मध्ये त्याचीच डॉल्बी व्हिजनसकट यूएचडी, म्हणजे ब्लू-रेहून जास्त बारकाव्याची फोर-के डिस्क, निघाली. त्याच प्रसंगात आता चादरीला घड्या आहेत. दिव्याजवळच्या कडेला लाल शेंदराकडे झुकतो, मधे रक्ताचा होतो आणि घडीच्या आत इतका गडद जातो की काळा म्हणावा की नाही असा प्रश्न पडतो, पण काळा होत नाही. पलीकडच्या आकृतीची कड चादरीवर पुढेमागे सरकते. ती श्वास घेतेय! जुन्या डिस्कवर मला ती फक्त ऐकू येत होती. तोवोलींनी दिव्यांपुढे मखमलीसारखी कापडं ताणून, दिवे नटांच्या तोंडाशी आणून हा उजेड तयार केला होता. कापडातून गाळलेला उजेड कापडासारखाच दिसायला हवा, पत्र्यासारखा नाही.

या सिनेमाच्या डीव्हीडीबद्दल एकच गोष्ट. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडी सेकंदाला पंचवीस चौकटींनी चालत, सिनेमा चोवीसनं घेतलेला. म्हणजे सगळं चार टक्के जलद. ९९ मिनिटांचा सिनेमा ९५ मिनिटांत संपतो. मिनिटं गेली तर गेली, पण आवाजाची पट्टीही कानाला कळेल एवढी वर चढते, आणि 'गॉब्लिन' या बँडचं ते कुजबुजणारं संगीत थोडं खेळण्यातलं वाटायला लागतं. सिनॅप्सच्या डिस्कवर मूळ चार चॅनेलचा इंग्रजी ध्वनी आहे. तो ऐकल्यावर मी डीव्हीडी वाटून टाकल्या.

आता अर्जेंतोचाच 'प्रोफोन्दो रोस्सो', इंग्रजीत 'डीप रेड' (१९७५). ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळा. रुसून बसणार नाही.

मार्कस नावाचा पियानोवादक रस्त्यावरून एका बाईचा खून होताना पाहतो, धावत वर तिच्या घरात जातो, आतल्या बोळातून जाताना भिंतीवर विचित्र चेहऱ्यांची चित्रं आहेत. नंतर त्याला सारखं वाटत राहतं की तिथलं एक चित्र गायब झालंय. सिनेमाभर तो हेच आठवत बसतो. शेवटी कळतं की ते चित्र नव्हतंच. आरसा होता, आणि खुनी त्यात उभा होता. गंमत अशी की अर्जेंतोनं फसवलेलं नाही. त्या पहिल्याच धावेत तो चेहरा खरोखर पडद्यावर आहे. आपणही मार्कसबरोबर त्याच्यासमोरून गेलेलो असतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो टीव्हीच्या चौकोनी आकारात कापलेल्या टेपवर. उंचीच्या २.३५ पट रुंद चौकट १.३३ पटीत बसवायची तर शंभरातला त्रेचाळीस भाग फेकून द्यावा लागतो. काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे कुठल्यातरी कंटाळलेल्या ऑपरेटरनं ठरवलेलं. शिवाय सावल्या इतक्या भरलेल्या की बोळ म्हणजे नुसता कोळसा. शेवटी उलगडा झाला तेव्हा मी म्हटलं, थापा मारतोय, तिथे काहीही नव्हतं. टेप मागे नेऊन तीनदा बघितलं. खरंच काही नव्हतं! कित्येक वर्षं मी हा सिनेमा 'लबाड' म्हणून सांगत फिरलो.

ॲरो या कंपनीनं २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून केलेलं फोर-के काम ब्लू-रेवर आणलं, २०२१ मध्ये यूएचडीवर. मी रिमोट घेऊन त्या बोळात थांबलो. चौकट थांबवली तर चेहरा आहे, फिकट, चित्रांच्या गर्दीत चित्रासारखा. चालू ठेवली तर डोळा घसरून पुढे जातो. नेमकं असंच व्हायला हवं होतं. इथे पारितोषिक द्यायचं तर रंग दुरुस्त करणाऱ्या माणसाला द्यायला हवं, कारण त्यानं मोह आवरला. हल्ली सावल्या उपसून उजळ करायची खोड सगळ्यांना लागली आहे. तो बोळ आणखी थोडा उजळ केला असता तर चेहरा सरळ अंगावर आला असता आणि दोन तासांचं रहस्य पंधराव्या-विसाव्या मिनिटालाच संपलं असतं.

या डिस्कचं एक व्यावहारिक प्रकरण आहे. इटालियन आवृत्ती १२७ मिनिटांची, परदेशी धाडलेली साधारण १०५ ची. कापलेल्या भागांचं इंग्रजी डबिंग हातात नसल्यामुळे लांब आवृत्ती इंग्रजीत लावली की माणसं मधूनच इटालियन बोलायला लागतात आणि खाली उपशीर्षकं येतात. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते रिमोट शोधायला लागतात. मी सरळ इटालियन लावतो. तसंही त्या काळच्या इटालियन सिनेमात जवळपास सगळाच आवाज नंतर भरलेला. नट आपापल्या भाषेत बोलून मोकळे होत. ओठ जुळत नाहीत ही डिस्कची चूक नव्हे, त्याबद्दल दुकानदाराशी भांडू नका.

'डीप रेड' टेक्निस्कोप या चित्रीकरणाच्या पद्धतीनं घेतलेला आहे आणि ही पद्धत समजल्याशिवाय या सिनेमांच्या डिस्कवर मत देऊ नये असं माझं आगाऊ मत आहे. नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एक चौकट चार छिद्रांएवढी उंच असते. टेक्निकलरच्या रोम शाखेनं १९६०च्या दशकात ती दोन छिद्रांवर आणली. निम्म्या फिल्मवर रुंद पडद्याचा सिनेमा. तुटपुंज्या पैशांत काम करणाऱ्या इटालियन निर्मात्यांना दुसरं काय हवं? पण चौकट निम्मी म्हणजे फिल्मचा दाणा, ज्या बारीक ठिपक्यांनी चित्र बनतं तो, पडद्यावर दुप्पट जाड. हा दाणा म्हणजेच चित्र आहे. छापील फोटोतला टिंब काढून टाकला तर खाली फोटो उरत नाही, तसंच.

हे सगळ्यांना कळत असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे याच काळातल्या एका सिनेमाची एक देखणी पेटी आहे, कंपनीचं नाव घेत नाही. जाड पुठ्ठा, पोस्टर, पुस्तिका, सगळं. आत डिस्कवर दाणा घासून काढलेला. नायिकेचा चेहरा मेणाचा. ती मान वळवते तेव्हा गालाची कातडी क्षणभर मागे राहते आणि मग धावत येऊन चिकटते. तक्रार लिहिली, उत्तर आलं की 'आधुनिक प्रेक्षकांना स्वच्छ चित्र आवडतं'. पेटी कपाटात आहे, पुस्तिका मात्र उत्तम आहे. याच्या उलट आजार म्हणजे रोममध्ये पूर्वी झालेली काही स्कॅन. त्यांत दाणा काढलेला नाही, पण जो दिसतो तो फिल्मचा नाहीच. स्कॅनरनं घातलेला गोंधळ आहे. ओळखायची खूण सांगतो. फिल्मचा दाणा दर चौकटीला नवा असतो, भाजीच्या फोडणीसारखा तडतडतो. स्कॅनरचा गोंधळ एका जागी किड्यासारखा वळवळतो आणि सपाट भिंतीवर त्याची जाळी पडते. आमच्याकडे स्क्रीनचा, म्हणजे छपाईच्या टिंबांच्या ओळींचा, कोन चुकला की अशीच जाळी पडायची, आणि कागदांची अख्खी थप्पी रद्दीत जायची.

टेक्निस्कोपचा दाणा कसा दिसावा याचा नमुना हवा असेल तर फुल्चीचा 'झोंबी २' (१९७९) घ्या, ब्लू अंडरग्राउंड कंपनीची २०२० ची यूएचडी. छायाचित्रण सेर्जिओ साल्वाती यांचं. त्यातला दाराच्या फळीची लांब ढलपी आणि डोळा यांचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये या सिनेमाला बंदीच्या यादीत बसवण्यात त्याचा वाटा मोठा असणार. ढलपीच्या टोकाचे तंतू आता एकेक मोजता येतात. डोळा नकली आहे हेही आता कळतं, आणि तरी मी मान फिरवतो. जुन्या टेपवर हा प्रसंग तपकिरी चिखल होता, मान फिरवायची वेळच येत नसे. पूर्वी चित्रगृहात जाणाऱ्या प्रिंटसाठी ती छोटी चौकट आधी मोठी करून घ्यावी लागे आणि त्यात धार जाई. डिस्क सरळ निगेटिव्हवरून होते. त्यामुळे घरातली ही प्रत त्या वेळच्या कित्येक चित्रगृहांतल्या प्रतींहून धारदार असणार. हे चांगलं की वाईट यावर मी स्वतःशी अजून भांडतो.

अर्जेंतोच्या 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज' (१९७०) बद्दल थोडक्यात. छायाचित्रकार वित्तोरिओ स्तोरारो. त्यांनी पुढे सगळ्या सिनेमांना २:१ हाच आकार असावा असा हट्ट धरला आणि हा जुना २.३५चा सिनेमाही त्यापायी एका ब्लू-रेवर २:१ मध्ये आला. म्हणजे रुंदीतला साधारण पंधरा टक्के भाग गेला. नायक काचेच्या दोन दारांमध्ये अडकतो आणि समोरच्या पांढऱ्या दालनात जखमी बाई सरपटतेय, त्याला काही करता येत नाही. तिथे बाजूची रिकामी पांढरी जागा हीच खरी शिक्षा आहे, आणि तीच कापलेली. केवढाही मोठा कलावंत असो, चाळीस वर्षांनी आपल्याच कामाला कात्री लावत असेल तर त्याचं ऐकू नये. ॲरोची २०१७ ची आवृत्ती पूर्ण रुंदीची आहे, ती घ्या.

अर्जेंतोचाच 'तेनेब्रे' (१९८२) हा उलटा पेपर. छायाचित्रकार पुन्हा तोवोली, पण इथे काळोखच नाही. पांढरी घरं, पांढरे कपडे, दवाखान्यातल्यासारखा उजेड, त्यावर लाल. प्रेसमध्ये सगळ्यात अवघड काम पांढऱ्याचं. सावलीतली चूक खपून जाते, पांढऱ्यात केसही लपत नाही. इथे बघायचा तो लुमा क्रेनवरचा लांबलचक शॉट. कॅमेरा घराच्या बाहेरून भिंतीवर चढतो, खिडक्यांवरून जातो, छपरावरून पलीकडे उतरतो. अडीच मिनिटांच्या आसपास. डिस्कवर डेटा दाबून भरला असेल तर भिंतीवरून सरकताना पांढऱ्याचे चौकोन पडतात, पापुद्रे सुटल्यासारखे. साध्या ब्लू-रेवर मला ते दोन जागी दिसले. २०२२ च्या यूएचडीवर भिंत भिंतच राहते आणि गिलाव्याचा खडबडीतपणा बोटाला लागेल असा दिसतो. यूएचडीचा फायदा तुम्हाला कुणी पटवून मागितला तर चेहरे वगैरे दाखवू नका, ही भिंत दाखवा. शिवाय यूएचडीला प्रदेशाचं कुलूप नसतं. ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन प्रदेश असतात, आणि मी एकदा पाकीट न वाचता चुकीच्या प्रदेशाची मागवून ती सहा महिने नुसती बघत बसलो होतो. पाकिटाकडे.

बावा शेवटी ठेवला, कारण त्याच्या बाबतीत माझं भिंग चालत नाही. तो स्वतः छायाचित्रकार. हिरवा, जांभळा उजेड कुठून येतोय याचं कारण देण्याच्या भानगडीत तो पडत नाही. 'ब्लॅक सॅबथ' (१९६३) या तीन गोष्टींच्या सिनेमातल्या थेंबाच्या गोष्टीत मेलेल्या बाईचा चेहरा आहे. तो बावाच्या वडिलांनी, एउजेनिओ बावा यांनी घडवलेला. ब्लू-रेवर तो पुतळा आहे हे लहान पोराला कळेल. रंगाची पुटं दिसतात. खोलीत बाहेरचा दिवा लुकलुकतो, हिरवा, विझला, जांभळा, विझला, आणि दर वेळी ती बाई जरा जवळ आल्यासारखी वाटते. मी दाणा मोजायला बसलो होतो, ते विसरून पाय वर घेतले.

या सिनेमाची डिस्क घेताना मात्र एक निवड करावी लागते. अमेरिकी वितरकांनी तीन गोष्टींचा क्रम बदलला, संगीत बदललं आणि टेलिफोनच्या गोष्टीत भूत घुसवलं. पण यातला नट बोरिस कार्लोफ याचा खरा आवाज फक्त त्या इंग्रजी आवृत्तीत आहे. इटालियनमध्ये त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज. ॲरोच्या २०१३ च्या संचात दोन्ही आहेत, म्हणून मी तोच सुचवतो. आधी इटालियन बघा. त्याच्या शेवटी कार्लोफ घोड्यावरून दौडत आपला निरोप घेतो, कॅमेरा मागे मागे सरकतो आणि कळतं की घोडा खोटा आहे, आणि चार-दोन माणसं हातात फांद्या धरून कॅमेऱ्यासमोरून गोल गोल पळताहेत, झाडं मागे जाताहेत असं दिसावं म्हणून. अमेरिकी आवृत्तीत हा शेवट नाही. एकाची फांदी वळताना जरा तिरकी होते, तो ती पळता पळता सावरतो. चौकट थांबवून बघा, स्वच्छ दिसतं.